चौकटीतला अभ्यास

कॉमिक्सचा जन्म एका शाळेत झाला, हे आपल्याकडच्या फार थोड्या शिक्षकांना ठाऊक असतं. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात रोडॉल्फ टॉफर नावाचे एक मास्तर मुलांची निवासी शाळा चालवत. वडील चित्रकार होते आणि रोडॉल्फलाही चित्रकारच व्हायचं होतं. डोळ्यांच्या दुखण्यानं ती वाट बंद झाली आणि ते शिकवण्याकडे वळले. १८२७च्या सुमारास संध्याकाळच्या मोकळ्या वेळात ते आपल्या विद्यार्थ्यांसाठी चित्रांतून गोष्टी रचू लागले. आडव्या कागदावर ओळीनं चौकटी असत आणि प्रत्येक चौकटीखाली त्यांच्याच अक्षरात एखाददुसरं वाक्य. या वह्या हातोहात फिरत वयोवृद्ध जर्मन कवी गटेपर्यंत पोचल्या. त्याला त्या फार आवडल्या, आणि १८३०च्या दशकात त्या छापून बाहेर येऊ लागल्या. या माध्यमाचे अनेक अभ्यासक टॉफर यांना कॉमिक्सचे जनक मानतात. चित्र आणि मजकूर यांतलं एक काढून घेतलं की दुसरं लंगडं पडतं, हे या मास्तरांनी तेव्हाच हेरून ठेवलं होतं.

हे पुस्तक त्या जोडीबद्दल आहे. प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत शिकवणारे शिक्षक, आणि मुलाच्या हातात कॉमिक्स दिसलं की अस्वस्थ होणारे पालक, अशा दोघांसाठी ते लिहिलेलं आहे. कॉमिक्स मनोरंजनाला ठीक, अभ्यास वेगळा, ही आपल्या घराघरांतली जुनी वाटणी. ती चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आत्तापर्यंत तिनं मुलांचं बरंच नुकसानही केलं आहे.

कुठल्याही इयत्तेचं विज्ञानाचं पाठ्यपुस्तक मधूनच उघडून बघा. एक परिच्छेद, शेजारी आकृती, आकृतीतल्या भागांना बाण काढून दिलेली नावं, कडेला ‘माहीत आहे का तुम्हांला?’ची रंगीत चौकट. भूगोलाचं पान उघडलं तर नकाशा, त्याची सूची, खाली पर्जन्यमानाचा स्तंभालेख. गणितात संख्यारेषा आणि भूमितीच्या आकृत्या. शाळेतलं जवळजवळ प्रत्येक पान असं मिश्र असतं. ते वाचायचं कसं, हे आपण मुलांना शिकवतच नाही. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं शिकवतो, परिच्छेद मोठ्यानं वाचून घेतो. आकृती मात्र ‘आकृती काढून भागांना नावे द्या’ या प्रश्नाच्या गुणांपुरती पाठ करून घेतली जाते. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री मूल परिच्छेद घोकतं आणि आकृतीवरून त्याची नजर नुसती घसरत जाते. त्या आकृतीत जे आहे ते परिच्छेदात कुठेच नाही, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

कॉमिक्स वाचणारं मूल नेमका हाच सराव रोज करत असतं. नजर फुग्यातल्या शब्दांवर जाते, तिथून बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून मागच्या उघड्या दाराकडे, आणि पुन्हा शब्दांवर येते, कारण दार उघडं दिसल्यावर त्या शब्दांचा अर्थ बदललेला असतो. चित्रातून मजकुरात आणि मजकुरातून चित्रात ये-जा करायची ही सवय एकदा अंगात मुरली की हृदयाची आकृतीही त्याच नजरेनं वाचता येते. शाळेच्या सगळ्या विषयांत कॉमिक्सचा उपयोग होतो असं मी म्हणतो ते मुख्यतः या अर्थानं. अमुक कॉमिक्स वाचून अमुक धडा तयार होईल, हा हिशेब फार तोकडा आहे.

आणखी एक गोष्ट कॉमिक्सच्या पानावर घडते, ती दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत. समजा पहिल्या चौकटीत एक मुलगा विहिरीच्या कठड्यावर ओणवा झाला आहे. दुसऱ्या चौकटीत नुसती विहीर आहे, कठड्याशी एक चप्पल पडली आहे आणि मोठ्या अक्षरांत ‘धप्प!’ लिहिलं आहे. मुलगा पडला असं कुठे लिहिलेलं नाही आणि कुठे काढलेलंही नाही. ते पडणं वाचणाऱ्यानं स्वतःच्या मनात घडवून आणलं. अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्सच्या रचनेवरच एक पुस्तक कॉमिक्सच्या रूपात काढलं. या माध्यमाचा सगळा जीव त्या मधल्या जागेत आहे, हे त्यांचं त्यातलं मुख्य म्हणणं. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याखाली ‘लेखकाला काय सुचवायचे आहे?’ असा प्रश्न आला की मुलं अडखळतात. न सांगितलेलं ओळखायचा सराव त्यांना कुणी दिलेला नसतो. तो सराव आठ-नऊ वर्षांचं मूल एका कॉमिक्समध्ये शंभर-दीडशे वेळा करतं, आणि कुणी सांगावं लागत नाही.

मग या माध्यमाला एवढी वाईट नजर का लागली? त्याचं मोठं कारण अमेरिकेत आहे. १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक आलं. मुलांच्या गुन्हेगारीमागे कॉमिक्स आहेत, असा त्याचा आरोप. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. पुढे अनेक दशकं हे पुस्तक पुरावा म्हणून वापरलं गेलं. वर्थमची खाजगी कागदपत्रं अभ्यासासाठी खुली झाल्यावर कॅरोल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेनं ती तपासली, आणि त्यानं मुलांच्या हकिकतींत फेरफार केले होते, कुठे तपशील गाळले होते, कुठे जोडले होते, हे २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिलं. तोवर भीती जगभर रुजून बसली होती. त्याच अमेरिकेचं लष्कर मात्र १९५१पासून आपल्या जवानांना जीप आणि रणगाड्यांची निगा राखायला चित्रकथांच्या मासिकातून शिकवत होतं, आणि त्याची चित्रं विल आयझनर या त्या काळच्या अव्वल कॉमिक्सकाराकडे होती. इंजिनाचं तेल कधी बदलायचं हे मोठ्या माणसांना चौकटींतून अधिक नीट कळतं, हे सैन्याला पटलं होतं.

आपल्याकडे चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची परंपरा तर कितीतरी जुनी. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात चित्रकथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी अजून आहेत. रामायण-महाभारतातल्या एकेका प्रसंगाची सुटी चित्रं एका पोथीत बांधलेली असतात. एक चित्र समोर धरायचं, वीणा, हुडुक आणि टाळांच्या साथीनं तो प्रसंग गाऊन-बोलून रंगवायचा, मग पुढचं चित्र वर घ्यायचं. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्राच्या आधारानं ऐकणं आणि वाचणं आपल्या मातीला परकं कधीच नव्हतं. शाळेनं मात्र ते दाराबाहेर ठेवलं.

ज्यांचं बालपण साठ ते ऐंशीच्या दशकांत गेलं त्यांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असतील. १९६४ साली टाइम्स समूहानं ती मालिका सुरू केली. वेताळ, मँड्रेक आणि १९७६पासून आबिद सुरतींचा बहादूर. ती मराठीतही निघत. वाण्याच्या दुकानाशेजारच्या वाचनालयातून भाड्यानं आणायची, इतिहासाच्या पुस्तकात लपवून वाचायची आणि पकडलं गेलं की मार खायचा, असा त्या पिढीचा रिवाज. इंद्रजालच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते अनंत पै मूळचे कारकळचे, शिक्षण आणि काम मुंबईत. १९६७च्या फेब्रुवारीत दिल्लीत दूरदर्शनवर त्यांनी एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक पुराणातल्या देवांविषयीची उत्तरं मुलं भराभर देत होती, आणि रामाच्या आईचं नाव काही त्यांना सांगता येईना. त्याच वर्षी इंडिया बुक हाउसच्या मदतीनं त्यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. ‘कृष्ण’ हे त्या मालिकेतलं पहिलं भारतीय कथेचं पुस्तक राम वाईरकरांनी चितारलं. पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी या मालिकेचा चेहरा घडवला. महाराष्ट्र राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ, आपली बालभारती, हीसुद्धा १९६७चीच. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन कामं पुढे समांतर चालत राहिली, याची मला नेहमी हळहळ वाटते.

पैंना शाळेत शिरायचं होतं. चित्रकथेचं शालेय शिक्षणातलं स्थान या विषयावर १९७८ साली दिल्लीत त्यांनी परिसंवाद घडवून आणला. इतिहासाचा एखादा पाठ चित्रकथेतून शिकलेली मुलं आणि नेहमीच्या पद्धतीनं शिकलेली मुलं यांची तुलनाही त्या सुमारास करून पाहिली गेली. तरी भारतातल्या शाळांत चित्रकथा बराच काळ बक्षीस समारंभात द्यायची वस्तू म्हणूनच राहिली.

इतिहासाच्या तासाला अमर चित्र कथा वापरावी का, असं शिक्षक मला विचारतात. जरूर वापरावी, पण ती खरी मानून नव्हे, तपासून. या मालिकेवर अभ्यासकांनी रास्त आक्षेप घेतलेले आहेत. नायक गोरे, असुर काळे. स्त्रिया बहुधा त्याग करणाऱ्या. सांगणारा आवाज बहुतेक वेळा वरच्या जातींचा. हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. उलट तिथेच इतिहासाचा खरा तास सुरू होतो. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली. कुठल्याही चित्रकथेतलं या प्रसंगाचं पान घ्या आणि सातवीच्या मुलांना विचारा: शामियान्यात दोघं जे बोलले ते फुग्यात लिहिणाऱ्याला कुठून मिळालं? तिथे कोण हजर होतं? सभासदाची बखर त्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली गेली, म्हणजे घटनेनंतर पस्तीसेक वर्षं उलटून गेल्यावर. मग हे शब्द कुणाचे? अंगरखा, वाघनखं, शामियान्याचा रंग, यांतलं साधनांत काय सापडतं आणि चित्रकारानं मनानं काय भरलं? पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदाला असे प्रश्न मुलं विचारत नाहीत, कारण छापलेलं वाक्य आकाशातून पडल्यासारखं वाटतं. चित्र मात्र कुणीतरी काढलेलं आहे हे डोळ्यांना दिसत असतं, म्हणून त्यावर शंका घ्यायला मूल कचरत नाही. साधनांची चिकित्सा हा जड शब्द न वापरता ती अशी शिकवता येते.

आणि मग त्यांच्या पुढ्यात ‘भीमायन’ ठेवावं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान-गोंड चित्रकारांनी चितारलेलं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलेलं हे बाबासाहेब आंबेडकरांचं चित्रचरित्र २०११ साली आलं. यात ठरावीक चौकटीच नाहीत. भिंतीवर आणि अंगणात काढायच्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानभर फिरतात आणि प्रसंग त्यांतून वाहतात. व्यामांचं म्हणणं असं की माणसांना खोक्यांत कोंडू नये. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीम भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकतो, गाडीवान दुप्पट भाडं घेऊनही स्वतः गाडीत बसायला तयार होत नाही, आणि रात्रभर मुलांना कुणी घोटभर पाणी देत नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे. पुस्तकात ती कशी दिसते ते मुलांना जवळून बघू द्यावं. ज्याचं बोलणं प्रेमाचं, त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या बोलण्यात जातीचं विष, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. महाडच्या सत्याग्रहात बाबासाहेब बोलू लागतात तेव्हा ध्वनिक्षेपकांतून पाण्याच्या धारा लोकांवर बरसतात. नांगी कोणाच्या फुग्याला आणि का, एवढा एकच प्रश्न धरून अख्खा तास चालतो. अस्पृश्यतेवरचा धडा पाठ करणाऱ्या मुलांना हिंसा शब्दांतूनही होते हे सांगावं लागतं. इथे ते मुलांनीच आधी ओळखलेलं असतं.

भाषेच्या बाबतीत लोकांचा एक समज फार पक्का आहे की कॉमिक्समधली भाषा थिटी असते. इंग्रजीपुरतं तरी हे मोजून पाहिलेलं आहे. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ साली निरनिराळ्या प्रकारच्या मजकुरात दर हजार शब्दांमागे किती दुर्मिळ शब्द येतात ते मोजलं. मुलांच्या पुस्तकांत ते ३०.९ निघाले, सुशिक्षित प्रौढांच्या आपसातल्या बोलण्यात १७.३ आणि कॉमिक्समध्ये ५३.५, म्हणजे मोठ्यांसाठीच्या पुस्तकांइतकेच. मराठीत अशी मोजदाद होईल तेव्हा आकडे वेगळे येतील, पण त्यामागचं कारण इथेही लागू पडतं. चित्र अवघड शब्दाला टेकू देतं, म्हणून लिहिणारा अवघड शब्द वापरायला भीत नाही. ‘तट’, ‘बुरूज’, ‘खंदक’, ‘चिलखत’ हे शब्द शहरातल्या मुलाला शब्दकोशातून शिकवायला बसलात तर तास जाईल. चित्रात ते दिसतात आणि राहतात. शिवाय मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याची कायम उणीव असते ते बोलणं कॉमिक्समध्ये भरपूर असतं. कोण कुणाला ‘अहो’ म्हणतो, कुणाला ‘अगं’, रागावल्यावर वाक्य कुठे तुटतं, ‘सपकन’, ‘धाडकन’, ‘चुळबुळ’ कुठे शोभतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१च्या नोव्हेंबरात पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये आला. वर्तमानपत्र उघडायची सवय अनेक मराठी मुलांना त्या चिमुकल्या पट्टीनं लावली, असं मी खात्रीनं म्हणेन. त्यात आई, पप्पा, मित्र, शेजारचे आजोबा सगळे मध्यमवर्गीय पुण्यातली खरी मराठी बोलतात.

वाचनात मागे पडलेल्या मुलांचा प्रश्न मला सर्वांत जवळचा. ‘असर’च्या २०२२च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. अशा मुलाला आपण काय देतो? पुन्हा दुसरीचंच पुस्तक. अकरा वर्षांच्या मुलाला ससा-कासवाची गोष्ट वाचायला लावणं हा त्याचा अपमान आहे, आणि ते त्याला कळतं. चित्रकथेत शब्द थोडे असले तरी गोष्ट त्याच्या वयाची असू शकते. एखादं वाक्य अडलं तरी चित्र धरून तो पुढे जातो, गोष्टीचा धागा सुटत नाही, आणि तो पान उलटतो. वाचनात मागे पडलेलं मूल आपणहून पान उलटतं तेव्हा काय घडत असतं, ते मी वाचन-वर्गांत बसून पाहिलं आहे. ओठ हलत असतात, बोट फुग्याखालून सरकतं, मधेच ते मागे जाऊन आधीचं पान पुन्हा बघतं. पुस्तकाशी इतका वेळ घालवणारं ते मूल वर्गात ‘वाचता येत नाही’ या यादीत असतं.

विज्ञानात चित्रकथा वाचण्यापेक्षा काढायला लावणं मला जास्त मोलाचं वाटतं. एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेनं चंद्राच्या कलांवर चार चौकटींची चित्रकथा काढायला सांगितली होती. पात्रं दोन: चंद्र आणि एक मुलगी. एका हुशार मुलाचं पान हातात आलं. पहिल्या चौकटीत पौर्णिमा. दुसरीत पृथ्वी मधे सरकली आहे, तिची काळी सावली चंद्राच्या कडेवर पडली आहे आणि चंद्र म्हणतोय, ‘जरा सरक की!’ तिसरीत सावली अर्ध्या चंद्रावर. चौथीत सगळा चंद्र झाकला जाऊन अमावास्या. घटक चाचणीत याच मुलानं ‘चंद्राच्या प्रकाशित भागाचा जो भाग पृथ्वीवरून दिसतो त्याला कला म्हणतात’ हे वाक्य बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळवले होते. वाक्य पाठ होतं आणि मनातलं चित्र चंद्रग्रहणाचं होतं. ही गैरसमजूत जगभरच्या मुलांत, अगदी मोठ्या माणसांतही आढळते. पण लेखी उत्तराआड ती दडून राहते. चौकटी काढायच्या म्हटलं की सूर्य कुठे, पृथ्वी कुठे, बघणारी मुलगी कुठे उभी, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल टेकताच येत नाही. त्या शिक्षिकेनं चूक लाल शाईनं खोडली नाही. पाचवी चौकट काढायला सांगितली: यात सूर्य दाखव. मुलगा बराच वेळ बसला. मग त्यानं सूर्य काढला, सावलीच्या दिशेकडे पाहिलं आणि मागच्या तिन्ही चौकटी स्वतःच खोडल्या.

गणितात कॉमिक्सकार जीन लुएन यांग यांचा अनुभव बोलका आहे. ते कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एका शाळेत बरीच वर्षं शिक्षक होते. बदली शिक्षक म्हणून बीजगणिताचा एक वर्ग त्यांच्याकडे आला, आणि दुसऱ्या कामामुळे त्यांना मधून मधून गैरहजर राहावं लागे. आधी त्यांनी आपल्या शिकवण्याच्या चित्रफिती करून ठेवल्या. मुलांना त्या अजिबात रुचल्या नाहीत. मग त्यांनी पाठ कॉमिक्सच्या रूपात काढून दिले, तर सर हजर असतानाही मुलं ती कॉमिक्स मागू लागली. सर बोलतात ते निघून जातं, चित्रफीत आपल्या वेगानं पळते, कॉमिक्सच्या पानावर मात्र मागची पायरी पुढच्या पायरीच्या शेजारीच थांबलेली असते. समीकरण सोडवताना मुलाला हवं असतं ते हेच. याच यांगना पुढे २०१६ साली अमेरिकेत बालसाहित्याचा राष्ट्रीय दूत नेमलं गेलं. फ्रेंच खगोलभौतिकज्ञ झाँ-पिएर पेती यांची चित्रकथाही मुलांना दाखवण्याजोगी आहे. तिचा नायक वक्र पृष्ठभागावर त्रिकोण आखतो आणि कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त भरते म्हणून चक्रावतो. आठवीत पाठ केलेलं प्रमेय कुठल्या अटीवर उभं आहे, हे तिथे कळतं.

भूगोलाबद्दल थोडक्यात सांगतो. नकाशा हा मुळात एकाच चौकटीत सामावलेला मजकूर आणि चित्र. सूची, प्रमाण आणि दिशा यांच्यात ये-जा करावी लागते, आणि त्यासाठी वर सांगितलेलीच नजर लागते.

आता एक इशारा. शैक्षणिक म्हणून छापलेली पुष्कळ चित्रकथा-पुस्तकं फार वाईट असतात. एक शास्त्रज्ञ काका, दोन गोंडस मुलं, आणि काकांच्या तोंडी अख्खा धडा. प्रत्येक चौकटीत तेच तीन चेहरे आणि फुग्यात दहा ओळी. यातली चित्रं काढून टाकली तर काही बिघडत नाही, म्हणजेच ही चित्रकथा नव्हेच. मुलं अशा पुस्तकांना दोन पानांत ओळखतात आणि बाजूला ठेवतात. केंद्रीय पातळीवर २०२१च्या मार्चमध्ये एनसीईआरटीच्या पाठ्यक्रमाला धरून तिसरी ते बारावीसाठी शंभराहून अधिक चित्रकथा ‘दीक्षा’ या पोर्टलवर आल्या. शाळेचं दार या माध्यमाला अधिकृतपणे उघडलं, याचं मला समाधान आहे. आपल्या वर्गासाठी त्यांतली एखादी निवडताना शिक्षकानं फक्त एवढं करावं: मजकूर हातानं झाकून नुसती चित्रं पाहावीत, मग चित्रं झाकून नुसता मजकूर वाचावा. दोन्ही वेळा काहीतरी हरवलं असं वाटलं तर पुस्तक घ्यावं.

पालकांची काळजी वेगळी. मूल कॉमिक्समध्येच अडकून बसेल, पुढे जाड पुस्तक हातात धरणारच नाही. वाचनाचा पल्ला वाढायला मोठी पुस्तकं लागतातच, यात वाद नाही, आणि लांब परिच्छेद पेलायची ताकद नुसत्या चौकटींतून येत नाही. पण जे मूल काहीच वाचत नाही त्याच्या हातातून कॉमिक्स काढून घेतल्यानं ते जाड पुस्तकाकडे वळत नाही, मोबाइलकडे वळतं. चित्रकथेला पुढचं पुस्तक जोडून देणं हे मोठ्यांचं काम आहे. बहादूर आवडला की त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. ‘भीमायन’ वाचून झालं की बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी द्या. त्या छोट्या आहेत आणि बारा वर्षांच्या मुलाला झेपतात.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. जपानमध्ये देशाचा इतिहास सांगणाऱ्या मांगाच्या संचमालिका शाळांच्या ग्रंथालयांत सर्रास असतात आणि मुलं अभ्यासासाठी त्या काढून नेतात. मराठीत आजच्या लेखक-चित्रकारांनी शालेय मुलांसाठी केलेल्या चित्रकथा बोटांवर मोजाव्या लागतात. सह्याद्रीचा भूगर्भ, दुष्काळ, ज्योतिबा आणि सावित्रीबाईंची शाळा, कोयनेचा भूकंप, दर्यावर्दी आंग्रे, यांतल्या प्रत्येकावर दर्जेदार चित्रकथा होऊ शकते. त्यासाठी चित्रकार आणि विषयतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसायला हवेत. लेखकानं संहिता पूर्ण करून चित्रकाराकडे धाडायची रीत सोडली पाहिजे. ‘किशोर’सारखं मासिक १९७१पासून बालभारतीच्या छत्राखाली चालू आहे. तिथे दर महिन्याला चार पानं या कामाला मिळाली तरी दहा वर्षांत एक पिढी तयार होईल. शाळांच्या ग्रंथालय-खरेदीच्या याद्यांत चित्रकथा हा स्वतंत्र वर्ग असावा, ही मागणी मी इथे जाहीरपणे मांडतो.

या पुस्तकाची प्रकरणं विषयवार लावली आहेत, पण क्रमानं वाचायची गरज नाही. वर्गात काही करून पाहायचं असेल त्यांनी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. शरद शर्मा आणि त्यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’नं गावोगावच्या कार्यशाळांतून रुजवलेली चार चौकटींच्या भित्तिचित्रकथेची पद्धत तिथे पायरीपायरीनं दिली आहे. साहित्य म्हणजे साधे कोरे कागद, पेन्सिल आणि काळं पेन. चित्रकला येत नाही म्हणणाऱ्या शिक्षकांनी काड्यांची माणसं काढावीत, मुलं त्यांच्यापेक्षा बरी काढतात. पहिला विषय पुस्तकातून निवडू नका. आज शाळेला येताना वाटेत काय झालं, हा द्या. दोन तासिका सलग ठेवा, कारण पहिली तासिका संपेपर्यंत बहुतेकांची दुसरी चौकटही पूर्ण झालेली नसते.